दवाखान्याच्या सांडपाण्यातून औषधं कशी काढायची: सोलापुरातल्या ५० ते १०० खाटांच्या हॉस्पिटलांसाठी

हॉस्पिटलच्या ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटचा) तपासणी अहवाल हातात घ्या आणि रकाने वाचा. पीएच ६.५ ते ९. तरंगते घन पदार्थ १०० मिग्रॅ प्रति लिटरच्या आत. तेल-ग्रीस १०, बीओडी (जिवाणूंना घाण खायला लागणारा ऑक्सिजन) ३०, सीओडी (रसायनाने घाण मोडायला लागणारा ऑक्सिजन) २५०. शिवाय, प्रक्रिया केलेल्या पाण्यात ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के जगले पाहिजेत. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ मधली मर्यादांची यादी इथे संपते. एकाही औषधाचं नाव तिच्यात नाही. त्यामुळे अहवाल 'पास' असलेल्या पाण्यात अँटिबायोटिक, फिटची गोळी, दुखण्याची गोळी असं सगळं असू शकतं, आणि बहुतेक वेळा असतंच.

औषध कारखान्यांच्या बाबतीतही फार वेगळं चित्र नाही. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या मसुद्यात अँटिबायोटिक्सच्या अवशेषांना मर्यादा घातल्या होत्या. ऑगस्ट २०२१ ला अंतिम नियम आले तेव्हा त्या गळालेल्या होत्या. युरोपीय संघाने मात्र २०२४ च्या निर्देशात मोठ्या शहरांच्या सांडपाणी केंद्रांना अशा सूक्ष्म प्रदूषकांपैकी किमान ८० टक्के काढायला सांगितलंय आणि त्या खर्चाचा मोठा वाटा औषध आणि सौंदर्यप्रसाधन कंपन्यांवर टाकलाय. स्वित्झर्लंडमध्ये हे २०१६ पासून चालू आहे.

आपल्याकडे कायदा मागत नाही, मग करायचं कशाला? सोलापूर हे धाराशिव, लातूर, कलबुर्गी, विजयपूरपर्यंतच्या रुग्णांचं गाव आहे. लोकसंख्येच्या मानाने इथे दवाखाने जास्त, आणि पाऊस कमी. शहराचं सांडपाणी नाल्यांनी सीना नदीकडे उतरतं, आणि सीनेला उन्हाळ्यात स्वतःचं पाणी असतं तरी किती? युरोपातल्या नद्यांत औषध विरळ होतं, इथे ते विरळ व्हायला पाणीच नाही. तेच पाणी पुढे शेताला उपसलं जातं आणि उरलेलं हत्तरसंग-कुडलच्या संगमावर भीमेला मिळतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: आधी औषध ड्रेनेजमध्ये पडू देऊ नका, मग ईटीपीच्या टाकीतले घाण खाणारे जिवाणू नीट जगवा, आणि सगळ्यात शेवटी ॲक्टिव्हेटेड कार्बनवर, म्हणजे औषधं धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र कोळशावर, पैसे घाला. खरेदी बहुतेक ठिकाणी नेमकी उलट क्रमाने होते, कारण मशीनचं कोटेशन मिळतं, सवयींचं मिळत नाही.

औषधं चार जातींची

सगळी औषधं एका उपायाने जात नाहीत, म्हणून आधी हे डोक्यात पक्कं बसू द्या.

पहिली जात जिवाणू खाऊन टाकतात ती. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, चहा-कॉफीतलं कॅफीन. हवा नीट मिळणाऱ्या टाकीत ही नव्वद टक्क्यांच्या वर संपतात.

दुसरी गाळाला चिकटणारी. सिप्रोफ्लोक्सासिन आणि त्याची भावंडं, ही अँटिबायोटिक्स. पाण्यातून ती जातात, पण नष्ट होत नाहीत, गाळात जाऊन बसतात. अहवालात पाणी स्वच्छ दिसतं आणि सगळा ऐवज गाळ वाळवायच्या वाफ्यात असतो.

तिसरी जिवाणूंना दाद न देणारी, पण कार्बनवर धरली जाणारी. फिटवरचं कार्बामाझेपिन याचा नमुना. साध्या एसटीपीतून (शहराच्या सांडपाणी केंद्रातून) ते जवळजवळ जसंच्या तसं बाहेर पडतं. दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक जिवाणूंकडून अर्धवट जातं, उरलेलं कार्बन धरतो.

चौथी सगळ्यांत चिवट. सीटी स्कॅनच्या वेळी चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात तो आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट. शरीरात तो बदलत नाही, चोवीस तासांत जवळपास सगळा लघवीवाटे बाहेर येतो. जिवाणू त्याला हात लावत नाहीत आणि कार्बनही फारसा धरत नाही. एका १०० मिलि डोसमध्ये साधारण ३० ग्रॅम आयोडीन असतं. तो मुळात फारसा विषारी नाही ही त्यातल्या त्यात बरी बाब.

मधुमेहाचं मेटफॉर्मिन लघवीतून जवळजवळ न बदलता येतं. जिवाणू ते बरंचसं मोडतात, पण त्यातून ग्वानिलयुरिया नावाचं दुसरं संयुग उरतं. सल्फामेथॉक्साझोल या अँटिबायोटिकचा प्रकार आणखी मजेशीर. शरीर त्याला एक शेपूट जोडून बाहेर टाकतं, टाकीतले जिवाणू ती शेपूट तोडतात आणि मूळ औषध परत तयार होतं. त्यामुळे कधीकधी आत येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर जाणाऱ्या पाण्यात ते जास्त सापडतं. अशा वेळी लॅबवर संशय घेऊ नका.

पायरी १: पाणी मोजा, पाइप शोधा

भारतीय मानकाप्रमाणे १०० खाटांपर्यंतच्या रुग्णालयाला प्रत्येक खाटेमागे रोज ३४० लिटर पाणी धरतात. १०० खाटा म्हणजे ३४ हजार लिटर, आणि त्याचं ८० टक्के सांडपाणी म्हणजे साधारण २७ हजार लिटर, म्हणजे २७ घनमीटर. या लेखातली सगळी गणितं याच आकड्यावर आहेत, तुमच्या खाटांप्रमाणे बदलून घ्या. पण कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, उरलेलं बोअर आणि टँकरवर. पाणी जपून वापरलं गेलं की सांडपाणी कमी पण दाट होतं. पंप किती तास चालला आणि तासाला किती पाणी फेकतो, एवढं पंधरा दिवस वहीत लिहिलं तरी खरा आकडा कळतो.

मग पाइपांचा नकाशा. जुन्या वाड्यावर मजले चढवून झालेल्या दवाखान्यांत कोणतं बेसिन कुठल्या चेंबरला जातं हे मालकालाही सांगता येत नाही. खाण्याचा रंग बादलीभर पाण्यात कालवून एकेका सिंकमध्ये ओता आणि चेंबर उघडून बघा. लॅब, डायलिसिस, आयसीयू, ओटी, केमोथेरपीची खोली, लाँड्री, किचन, सगळीकडे. एखादा पाइप ईटीपीला बगल देऊन थेट रस्त्याच्या ड्रेनेजला किंवा पावसाच्या गटारीला गेलेला हमखास सापडतो. तो आधी जोडून घ्या.

पायरी २: सिंकवरच थांबवा

एक उदाहरण घ्या. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची (हे अँटिबायोटिक) १ ग्रॅमची व्हायल फोडली, लहान मुलाला २५० मिलिग्रॅम दिलं, उरलेलं ७५० मिलिग्रॅम बेसिनमध्ये गेलं. दिवसाच्या २७ हजार लिटरमध्ये हे मिसळलं तर प्रत्येक लिटरमागे सुमारे २८ मायक्रोग्रॅम होतं. तुलनेला सिप्रोफ्लोक्सासिन घ्या. जिवाणूंमध्ये प्रतिकारशक्ती वाढू नये म्हणून त्याची सुचवली गेलेली सुरक्षित पातळी आहे लिटरमागे ०.०६४ मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधं वेगळी आहेत आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन लवकर तुटतं, हे मान्य. तरी एका व्हायलचं वजन केवढं पडतं ते लक्षात यावं.

नियम इथे स्पष्ट आहे. उरलेलं, मुदत संपलेलं, फोडून न वापरलेलं औषध पिवळ्या पिशवीत. केमोथेरपीची औषधं आणि त्यांचं साहित्य पिवळ्याच पण सायटोटॉक्सिकचं (पेशी मारणाऱ्या औषधांचं) चिन्ह असलेल्या वेगळ्या पिशवीत, कारण ती १२०० अंशांच्या वर जाळावी लागतात किंवा उत्पादकाकडे परत जातात. प्रत्यक्षात सलाईनच्या बाटलीत उरलेलं औषध बेसिनमध्ये ओतायची सवय असते, कारण बाटली रिकामी असली की प्लास्टिकच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकायला सोपी. भाषण देऊन ही सवय मोडत नाही. दर ड्रेसिंग ट्रॉलीवर घट्ट झाकणाचा, रुंद तोंडाचा पिवळा कॅन ठेवा, ड्युटी संपताना मामा तो उचलतील असं बसवा. सिस्टरला चार पावलंसुद्धा चालायला लागता कामा नयेत. फार्मसीत लवकर मुदत संपणारा माल पुढे लावा आणि लहान मुलांच्या डोसला लहान व्हायल मागवा. त्याने पैसेही वाचतात.

डायक्लोफेनॅकची जेल हे दुर्लक्षित प्रकरण आहे. कातडीवर चोळलेल्या जेलचा अगदी थोडा भाग शरीरात शिरतो, बाकीचा हात धुताना आणि आंघोळीत पाण्यात जातो. फिजिओथेरपी आणि अस्थिरोग विभागात चोळणाऱ्याने हात आधी कागदाने पुसून मग धुवावेत. गिधाडं मरत होती म्हणून जनावरांतलं डायक्लोफेनॅक २००६ मध्ये बंद झालं, माणसांच्या दुकानात ते तसंच आहे.

केमोच्या रुग्णांसाठी स्वतंत्र संडास आणि उपचारानंतर किमान ४८ तास मलमूत्र हाताळताना हातमोजे-ॲप्रन हवेत. हे मावशी आणि नातेवाईक दोघांनाही सांगावं लागतं. त्या संडासाचं पाणी वेगळ्या टाकीत घेता आलं तर उत्तम. कॉन्ट्रास्टसाठी जेल भरलेल्या लघवीच्या पिशव्या देण्याचे प्रयोग जर्मनीत झालेत. भरती रुग्णांपुरतं ते इथेही जमेल, बाहेरून येऊन तासाभरात घरी जाणाऱ्यांचं जमणार नाही. त्या रुग्णाला स्कॅननंतर थोडं थांबवून पहिली लघवी इथेच पिशवीत करून घेतली तरी काही भाग हाती लागतो.

एक्स-रेची डेव्हलपर-फिक्सर पद्धत अजून कुठे चालू असेल तर त्या पाण्यात चांदी असते. ते चांदी परत मिळवणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्या.

पायरी ३: हायपो आवरा

सोलापुरातल्या ईटीपीचा मोठा शत्रू औषधांपेक्षा आपणच ओततो. सोडियम हायपोक्लोराइट (हायपो, क्लोरीनचं जंतुनाशक), फिनाइल, फरशीचं जंतुनाशक. एका टक्क्याच्या हायपोची १० लिटरची बादली म्हणजे १०० ग्रॅम क्लोरीन. सकाळी पाच वॉर्डांच्या पाच बादल्या एकदम दहा घनमीटरच्या टाकीत उतरल्या तर हिशोबाने लिटरला ५० मिलिग्रॅम होतात. घाण त्यातलं बरंच खाऊन टाकते, पण उरलेलं जिवाणूंना झोडपायला पुरेसं असतं. ऑपरेटर मग जिवाणू पुन्हा वाढवायला गूळ आणि शेण टाकत बसतो.

नियमानुसार लॅबचं संसर्गजन्य द्रव आधी निर्जंतुक करावंच लागतं, त्यात सूट नाही. पण प्रमाण मोजून. आपल्या उन्हात हायपोचे कॅन गच्चीवर ठेवले तर महिन्याभरात त्यांची ताकद उतरते, आणि ती उतरलीय हे कळत नाही म्हणून लोक अंदाजाने दुप्पट ओततात. कॅन सावलीत, थंड खोलीत ठेवा, थोडा थोडा माल मागवा आणि क्लोरीनच्या पट्टीने ताकद तपासा. वापरलेल्या हायपोच्या बादल्या एका मोठ्या ड्रममध्ये जमवा. ड्रम बाहेर, मोकळ्या हवेत. दुसऱ्या दिवशी पट्टीवर क्लोरीन शून्याच्या आसपास आलं की बारीक धारेने सोडा. त्या ड्रममध्ये ॲसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड कधीही नाही. क्लोरीन वायू तयार होतो, माणूस पडतो.

प्रक्रियेच्या शेवटी जास्त क्लोरीन मारला की औषधंही मरतील असा एक समज आहे. क्लोरीन काही औषधांवर अर्धीमुर्धी क्रिया करतं आणि कधी जास्त वाईट पदार्थ करून ठेवतं. पॅरासिटामॉलपासून बेंझोक्विनोनसारखी विषारी संयुगं होतात. जंतुनाशन हे काम वेगळं, औषध काढणं वेगळं.

पायरी ४: जिवाणूंना म्हातारं होऊ द्या

सगळ्यात जास्त फायदा आणि सगळ्यात कमी खर्च या पायरीत आहे, म्हणून इथे जरा सविस्तर.

औषध मोडणारे जिवाणू सावकाश वाढतात. साखर-पीठ खाणारे पोरांसारखे भराभर वाढतात. तुम्ही रोज जास्त गाळ काढून टाकला तर सावकाश वाढणाऱ्यांना जम बसवायला वेळच मिळत नाही. गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो याला गाळाचं वय म्हणू. बीओडी उतरवायला पाच-सहा दिवसांचा गाळ पुरतो. औषधांसाठी १५ ते २० दिवस धरा.

गणित सोपं आहे. २७ घनमीटर पाणी, लिटरला ३०० मिलिग्रॅम बीओडी, म्हणजे रोज सुमारे ८ किलो बीओडी. हवेची टाकी २३ घनमीटरची आणि तिच्यात लिटरला ३.५ ग्रॅम गाळ असेल तर एकूण कोरडा गाळ ८० किलो. ८ किलो बीओडीतून रोज साधारण ४ किलो नवा गाळ तयार होतो. तेवढाच रोज काढला तर वय ८० भागिले ४, म्हणजे २० दिवस. सेटलिंग टाकीच्या (जिथे गाळ खाली बसतो) तळाचा गाळ लिटरला ८ ते १० ग्रॅमचा असतो, त्यामुळे ४ किलो म्हणजे रोज ४०० ते ५०० लिटर. ऑपरेटरला 'गाळ वाढला की काढ' असं सांगू नका, 'रोज एवढे लिटर काढ' असं लिहून द्या.

त्याआधी समतोल टाकी हवी. हॉस्पिटलचं पाणी सकाळी सात ते अकरामध्ये धो धो येतं आणि रात्री जवळपास थांबतं. आठ-दहा तासांचं पाणी मावेल, म्हणजे इथे साधारण १० घनमीटर, एवढी टाकी ठेवा, तिला थोडी हवा द्या आणि पुढे पाणी चोवीस तास सारखं सोडा. टाकीत उतरायची वेळ कुणावरही येऊ नये. आतल्या वायूने क्षणात माणूस जातो, आणि वाचवायला उतरणाराही जातो. सफाई यंत्रानेच.

हवा: विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली नको. २० अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांत ७.५. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि जिवाणू मात्र उष्णतेने जास्त खातात. ब्लोअर (टाकीत हवा फुंकणारं यंत्र) हिवाळ्याच्या हिशोबाने घेतलेला असेल तर उन्हाळ्यात कमी पडणारच. गच्चीवर पत्र्याच्या खोलीत कोंडलेला ब्लोअर तर स्वतःच तापून बंद पडतो, त्याला वारा खेळती जागा द्या. वीज गेली की जनरेटरवर ओटी आणि आयसीयू येतात, ईटीपी येत नाही. निदान एक ब्लोअर त्या लाइनवर घ्या. उन्हाळ्यात चार तास हवा नाही म्हणजे पुढचे काही दिवस गेले.

हे सगळं नीट चाललंय हे कसं ओळखायचं? औषधाची तपासणी रोज परवडत नाही. पण अमोनियाचं किट स्वस्त मिळतं. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणूही सावकाश वाढणारे, नाजूक, हायपोला घाबरणारे. बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया लिटरला १-२ मिलिग्रॅमच्या खाली टिकून असेल, तर औषधं मोडणाऱ्या मंडळींचंही बरं चाललंय असं समजा. अमोनिया अचानक चढला तर आदल्या दिवशी कुठल्या वॉर्डाने काय ओतलं ते विचारा. आठवड्यातून दोनदा अमोनिया, रोज एक लिटरच्या नळीत अर्ध्या तासात गाळ किती बसतो ते, आणि ऑक्सिजन. एवढं पुरे.

प्लास्टिकच्या चकत्यांवर थर वाढणारी एमबीबीआर टाकी असेल तर चांगलंच. त्या थरावरचे जिवाणू गाळ काढला तरी जागेवर राहतात. बारीक छिद्रांच्या पडद्यातून पाणी गाळणाऱ्या एमबीआरने पाणी सुंदर मिळतं आणि प्रतिकारक्षम जिवाणूही अडतात, पण पडदे धुणारा शिकलेला माणूस कायम हवा. तो नसेल तर नका घेऊ.

पायरी ५: कार्बन, पण नीट

ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर बऱ्याच ठिकाणी आधीच असतो. त्यातला कार्बन बसवल्यापासून बदललेला नसतो, हा भाग निराळा. तो आता नुसता काळा खडा आहे.

दुसरी अडचण वेळेची. ६० सेंमी व्यासाच्या, १ मीटर थराच्या टाकीत सुमारे ०.२८ घनमीटर कार्बन मावतो, वजनाने १४० किलोच्या आसपास. पंप तासाला ४ घनमीटर पाणी ढकलून सात तासांत काम उरकत असेल, तर पाणी कार्बनला जेमतेम चार मिनिटं भेटतं. औषधं धरायला १५ ते ३० मिनिटं लागतात. तेच पाणी २० तासांत, तासाला १.३५ घनमीटर सोडा, वेळ साडेबारा मिनिटांवर जाते. खर्च फक्त लहान पंपाचा. तशीच दुसरी टाकी पहिलीच्या मागे जोडली की २५ मिनिटं झाली.

दोन टाक्या एकामागे एक ठेवण्यात आणखी एक सोय आहे. पहिली भरली की तिचा कार्बन बदलून तिला मागे लावायची आणि मागचीला पुढे आणायची. व्हॉल्व्ह तसे आधीच बसवून घ्या, नंतर प्लंबर कटकट करतो. पहिल्या टाकीतून तिच्या आकारमानाच्या साधारण १० हजार पट पाणी गेलं की बदल, इथपासून सुरुवात करा. आपल्या हिशोबात ते साडेतीन महिन्यांवर येतं. सांडपाणी किती मळकट यावर ते मागेपुढे होईल. कार्बनच्या आधी वाळूचा फिल्टर हवाच, नाहीतर गाळाने छिद्रं बुजतात. खरेदी करताना आयोडीन नंबर (कार्बन किती धरू शकतो याचं माप) ९०० च्या वरचा माल आणि प्रत्येक खेपेचा दाखला मागा.

कार्बन संपला हे ओळखायला महागडी तपासणी लागत नाही. फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी बारीक गाळून यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २५४ नॅनोमीटरला शोषण (पाण्याने किती प्रकाश शोषला ते) मोजायचं. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजांत हे यंत्र असतं, महिन्याला दोन नमुने तपासून घ्यायला जमवता येतं. नव्या कार्बनला शोषणात मोठी घट दिसते. घट निम्म्याच्या खाली आली की नवा माल मागवा, एक तृतीयांशावर आली की बदला. हा माझा ठोकताळा आहे, दोन-तीन फेऱ्यांनंतर तुमचा तुम्हाला सापडेल.

नवी टाकी बसवायला जागाच नसेल तर पावडर कार्बन. घनमीटरला २० ते ४० ग्रॅम, म्हणजे २७ घनमीटरला रोज ५४० ग्रॅम ते एक किलोच्या थोडं वर. पावडर आधी पाण्यात कालवून थेट हवेच्या टाकीत सोडायची. ती गाळाबरोबर फिरते, औषध धरते आणि गाळाबरोबरच बाहेर पडते. कोरडी पावडर उडते, मास्क लावा आणि जवळ ठिणगी नको. कमी जागेच्या, जुन्या प्लँटच्या दवाखान्यांना मी आधी हेच करून बघायला सांगतो.

ओझोन, यूव्ही, आरओ

विक्रेते ही तीन नावं घेतातच.

ओझोन खरंच काम करतं. पाण्यातल्या प्रत्येक ग्रॅम विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम ओझोन लागतो. पण टाकीतलं नायट्रीकरण (अमोनियाचं नायट्रेट होणं) अर्धवट राहून नायट्राइट उरलं, तर एक मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन जवळपास साडेतीन मिलिग्रॅम ओझोन खाऊन टाकतं. म्हणजे चौथी पायरी कच्ची असेल तर हाही पैसा वाया. बोअरच्या पाण्यात ब्रोमाइड असेल तर ब्रोमेट हे घातक संयुग तयार होतं, ते आधी तपासा. वर वायू गळतीचा सेन्सर, उरलेला ओझोन नष्ट करणारं युनिट आणि मागे जैविक वाळू फिल्टर. १०० खाटांना माझ्या मते हे झेपत नाही.

जंतू मारायच्या यूव्ही दिव्याने बहुतेक औषधं तुटत नाहीत. त्यासाठी कितीतरी पट जास्त मात्रा आणि सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं.

आरओ औषधं अडवतो आणि उरलेल्या खाऱ्या पाण्यात दाट करून ठेवतो. ते पाणी कुठे टाकणार, याचं उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्या. चिंचोळी एमआयडीसीसारख्या ठिकाणच्या कारखान्यांना ते उकळून आटवायची यंत्रणा बसवता येते, दवाखान्याला नाही. कारखान्यांचा मुद्दा मुळातच वेगळा आहे: त्यांनी रिॲक्टर (औषध बनवायचं भांडं) धुतल्याचं पहिलं, दाट पाणी वेगळं धरून तिथेच संपवायला हवं. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं जास्त पीएचला तुटतात, सगळीच तुटत नाहीत. न धरल्यास काय होतं ते हैदराबादजवळच्या पाटणचेरूने दाखवलंय. तिथल्या सामाईक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लोक्सासिन सापडल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं.

गाळ, संपलेला कार्बन आणि बाहेरचं पाणी

रोजचा ४ किलो कोरडा गाळ वाफ्यातून काढताना ओलाव्यासकट १६ ते २० किलो भरतो. सोलापूरचं ऊन फुकट आहे, ते वापरा. ६० टक्के कोरडा झाला की तोच ६-७ किलो होतो. नियमाप्रमाणे हा गाळ सामाईक जैववैद्यकीय कचरा केंद्राला जाळायला किंवा घातक कचऱ्याच्या केंद्राला द्यायचा असतो. संपलेला कार्बनही त्याच वाटेने. बागेला किंवा ओळखीच्या शेतकऱ्याला खत म्हणून देऊ नका. सिप्रोफ्लोक्सासिन त्यातच बसलेलं आहे.

प्रक्रिया झालेलं पाणी फ्लशला आणि बागेला चालतं. पालेभाजीला नको. बोअर पुनर्भरणाच्या खड्ड्यात तर अजिबात नको. आपल्या खाली बेसॉल्ट खडक आहे, पाणी त्याच्या भेगांतून वाट काढतं, मातीतून गाळून जात नाही. कार्बामाझेपिन तिथे पोहोचलं की वर्षानुवर्षं राहतं आणि शेजारच्या बोअरमधून वर येतं. हद्दवाढ भागात जिथे ड्रेनेज लाइन आलेली नाही तिथल्या दवाखान्यांनी शोषखड्ड्यापेक्षा टाकी आणि टँकर हा महाग पण योग्य रस्ता धरावा.

पायरी ६: वर्षातून दोनदा खरी तपासणी

औषधांची तपासणी एलसी-एमएस-एमएस यंत्रावर होते. मान्यताप्राप्त लॅब निवडताना सांडपाण्यात लिटरला एक मायक्रोग्रॅमच्या खाली मोजता का, हे आधी विचारा. पंचवीस औषधांची यादी देऊ नका, पाच पुरेत: कार्बामाझेपिन, डायक्लोफेनॅक, सल्फामेथॉक्साझोल, सिप्रोफ्लोक्सासिन, मेटफॉर्मिन. सीटी स्कॅन असेल तर सहावा कॉन्ट्रास्ट.

एकदाच भरलेली बाटली काही सांगत नाही. दर तासाला थोडं थोडं पाणी घेऊन चोवीस तासांचा एकत्र नमुना करा. ओपीडीच्या गर्दीच्या दिवशी, रविवारी नाही. आतल्या पाण्याचा नमुना आज घेतला, तर बाहेरच्याचा तेवढ्या तासांनी उशिरा घ्या जेवढे पाण्याला प्लँट पार करायला लागतात. आपल्या उदाहरणात तो साधारण दीड दिवसाचा फरक आहे. तपकिरी काचेची बाटली, क्लोरीन मारलेलं पाणी असेल तर चिमूटभर सोडियम थायोसल्फेट, आणि लगेच बर्फात. रात्रीच्या गाडीने पुण्याला पाठवायचं असेल तर बर्फ सकाळपर्यंत टिकेल एवढा भरा, नाहीतर वाटेतच जिवाणू काही औषधं खाऊन टाकतात आणि तुमचा प्लँट उगाच हुशार ठरतो.

आकडे आले की असे वाचा. कार्बामाझेपिन बाहेर जास्त दिसलं तर कार्बन संपलाय किंवा पाणी घाईने जातंय. मेटफॉर्मिन जास्त दिसलं तर कार्बनला हात लावू नका, हवा आणि गाळाचं वय बघा. सिप्रोफ्लोक्सासिन बाहेर जास्त असेल तर सेटलिंग टाकीतून बारीक गाळ वाहून जातोय, तरंगत्या घन पदार्थांचा आकडा त्याच दिवशीचा काढून ताडून पाहा. आत येणाऱ्या पाण्यातच एखाद्या अँटिबायोटिकचा आकडा रुग्णांच्या मानाने फार मोठा आला, तर फार्मसीच्या त्या आठवड्याच्या खपाशी जुळवून बघा आणि पिवळ्या कॅनची ट्रॉली कुठल्या वॉर्डात पोहोचत नाही ते शोधा.